गोल कंस कुठे पडला?

[दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग. गल्लीत यंत्रमागांची खडखड. वरच्या मजल्यावर उघडा लॅपटॉप.]

खाली माग, वर राहतं घर. इथे घरात तेलुगू चालते, मित्रांत मराठी आणि सध्या पडद्यावर सी ही प्रोग्रामिंगची भाषा. तोंडी परीक्षा तोंडावर आलीय आणि गाडी अडलीय डिक्लरेशनपाशी, म्हणजे कुठलं नाव कसल्या प्रकारचं हे सांगणाऱ्या ओळीपाशी.

[पडद्यावर जवळून: दोन ओळी]

पहिली ओळ: इंट (म्हणजे पूर्णांक), स्टार, ए, चौकोनी कंसात १०. दुसरीतही अगदी हेच, फक्त ‘स्टार ए’भोवती गोल कंस. तेवढ्यानं काय होतंय? बरंच होतं! वाचायला नावापासून सुरुवात करायची आणि आधी उजवीकडे बघायचं. पहिल्या ओळीत ‘ए’च्या उजवीकडे लगेच चौकोनी कंस लागतो, म्हणजे ‘ए’ हा १० पॉइंटरांचा (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्यांचा) अ‍ॅरे. अ‍ॅरे म्हणजे एकाच प्रकारच्या गोष्टींची सलग रांग. ६४-बिट मशीनवर ८० बाइट. दुसरीत गोल कंस उजवीकडची वाट अडवतो, म्हणून स्टारचा नंबर आधी. आता ‘ए’ हा एकच पॉइंटर, १० इंटच्या अख्ख्या अ‍ॅरेकडे रोखलेला. ८ बाइट, बस्स.

[टर्मिनल]

आपण लावलेला अर्थ पडताळायला सीडेक्ल नावाचं चिमुकलं टूल आहे. ‘एक्सप्लेन’ लिहून पुढे ओळ द्यायची, ते इंग्रजीत फोड करून दाखवतं. उलटंही जमतं: ‘डिक्लेअर’ म्हणून हवं ते सांगा, स्टार आणि कंस ते जागच्या जागी बसवून देतं.

टूलची मदत घेण्यात कमीपणा कसला? सी घडवणारे डेनिस रिची आणि त्यांचे सहलेखक ब्रायन कर्निघन यांनीच आपल्या सीवरच्या पुस्तकाच्या १९८८च्या आवृत्तीत असल्या ओळी उलगडणारा डीसीएल हा प्रोग्राम दिलाय. वापर जसा, तसंच डिक्लरेशन दिसावं, ही सीची मूळ कल्पना. कल्पना झकास, पण स्टार नावाच्या डावीकडे, अ‍ॅरे आणि फंक्शनचे कंस उजवीकडे, त्यामुळे वाचणाऱ्याची फरफट होते ती होतेच.

[पडद्यावर: सीच्या लायब्ररीतल्या सिग्नलचं डिक्लरेशन]

खरी कसोटी इथे. सीडेक्ल सांगतं: सिग्नल हे फंक्शन. ते एक इंट आणि एका फंक्शनचा पॉइंटर घेतं, आणि परत देतं तेही तसल्याच फंक्शनचा पॉइंटर.

जुन्या सीडेक्लला मात्र टाइपडेफची, म्हणजे प्रकारांना दिलेली टोपणनावं कळत नाहीत. ‘साइझ_टी’ दिलं की सिंटॅक्स एरर. त्या जागी सरळ ‘इंट’ टाकायचं. कंसांची फोड तीच राहते.