'एकदाचा' हा शब्द कोणाचा?

स्क्रीनवर दोन छोटी वाक्यं आहेत, नीट बघा. तिनं दार उघडलं. आला एकदाचा.

पहिलं वाक्य निवेदकाचं, म्हणजे कथा सांगणाऱ्याचं, त्यात वाद नाही. पण दुसरं? तिथं 'ती म्हणाली' नाही, 'तिला वाटलं' नाही, तरी तो 'एकदाचा' कानावर पडला की लगेच कळतं की ही बाई कधीपासून ताटकळत बसलीय आणि आता पार वैतागलीय, म्हणजे आवाज निवेदकाचा आणि शब्द मात्र तिचा. आता हेच 'तो उशिरा आला म्हणून ती चिडली होती' असं करून बघा. माहिती तीच, पण आपण घरात होतो ते एकदम बाहेर येऊन उभे राहतो.

आधुनिक कथा वाचून झाली की बरेच जण विचारतात, 'यात घडलं काय?' माझं म्हणणं, आधी हे विचारा की बघतंय कोण आणि बोलतंय कोण. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि जेरार जेनेत या फ्रेंच समीक्षकानं १९७२ मध्ये ते फार नेमके सुटे करून दाखवले.

'मी' सांगतो त्या कथेत तर जास्तच सावध राहायचं. एखादा माणूस एकाच पानावर तीनदा 'मी काही चिडलो नव्हतो' असं सांगत असेल तर तो चिडलेला होता, हे तो सोडून सगळ्यांना कळतं. वेन बूथ या अमेरिकन समीक्षकानं १९६१ मध्ये अशा निवेदकाला अविश्वसनीय म्हटलं. पण मला तो खोटारडा वाटत नाही, बिचारा स्वतःलाच समजावत असतो.

रचनेचं म्हणाल तर वेळ कुठे खर्च केलाय ते बघा. वीस वर्षं एका ओळीत उरकतात आणि चहाला आधण येईपर्यंत दोन पानं जातात, कारण कथेचा जीव त्या चहापाशी असतो. कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिच्यातला शब्द न् शब्द एकाच परिणामासाठी राबावा, हे एडगर ॲलन पो या अमेरिकन कथाकारानं १८४२ मध्येच सांगून ठेवलंय.

आता परत आपल्या दाराशी येऊ. तो आत आला, बसला. तिनं फळीवरून दोन कप काढले. मग एक परत ठेवला.

कथा इथंच थांबते. तो कप कोणाचा होता, हे निवेदक सांगत नाही.