मूळ प्रत घरी

१ ऑगस्ट २०१८ रोजी फेसबुकने बाहेरच्या ॲपमधून वैयक्तिक प्रोफाइलवर परस्पर पोस्ट टाकण्याची सोय बंद केली. पुढे २०२३ मध्ये ट्विटरने (आजच्या एक्सने) एपीआयचा, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामसाठी ठेवलेल्या दाराचा, जुना विनामूल्य वापर थांबवून नवे दर लावले. एकदा लिहून सगळीकडे धाडणाऱ्यांची वाट दोन्ही वेळा अडली. मात्र ज्यांनी मूळ प्रत स्वतःच्या सर्व्हरवर ठेवली होती, त्यांचे लिखाण जागच्या जागी राहिले.

या रीतीला इंडीवेब चळवळीत, म्हणजे आपले लिखाण आपल्याच संकेतस्थळावर ठेवण्याचा आग्रह धरणाऱ्यांत, ‘पॉसी’ म्हणतात: मजकूर आधी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकाशित करायचा आणि मग त्याच्या प्रती इतरत्र पाठवायच्या. भाड्याने घेतलेल्या छोट्या सर्व्हरवर बसवलेले साधन पोस्ट आपल्या डेटाबेसमध्ये नोंदवते, रांगेत लावते आणि प्रत्येक समाजमाध्यमाने दिलेले टोकन, म्हणजे प्रवेशाची डिजिटल किल्ली, दाखवून ती तिथे पोहोचवते. एखादे माध्यम बंद असले, तर तेवढ्याच प्रतीसाठी पुन्हा प्रयत्न होतो. अर्थात सर्व्हरचे अपडेट आणि बॅकअपही मालकाच्याच माथी येतात. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे, असा हा मामला आहे.

खरी कसोटी लागते ती मोजमापात. एक्सवर विनामूल्य खात्याला २८०, तर त्याच्यासारख्याच ब्लूस्काय या माध्यमावर ३०० आणि मॅस्टोडॉनवर मूळ सेटिंगनुसार ५०० अक्षरांची मर्यादा आहे. परंतु अक्षर कशाला म्हणायचे, यावरच त्यांचे एकमत नाही. ‘मराठी’ या शब्दात एक्स म, र, काना, ठ आणि वेलांटी असे पाच घटक मोजतो, तर ब्लूस्काय आणि मॅस्टोडॉन डोळ्यांना दिसणारी तीनच अक्षरे धरतात. सगळीकडे एकच गज लावणारे साधन एक तर मराठी मजकूर विनाकारण छाटते, नाही तर एक्सकडून नकार घेऊन परत येते.

दुव्यांची गोष्ट याहून नाजूक आहे. दुवा कितव्या बाइटपासून (बाइट म्हणजे संगणकातल्या साठवणीचे एकक) कितव्या बाइटपर्यंत आहे, हे ब्लूस्कायला पोस्टसोबत सांगावे लागते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या संगणकीय पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो, म्हणजे एकटा ‘मराठी’ हा शब्दच पंधरा बाइटांचा होतो. साध्या इंग्रजी मजकुरात अक्षर आणि बाइट यांची संख्या सारखीच भरत असल्याने, केवळ त्यावर चाचणी घेणाऱ्या प्रोग्रामरला हा फरक जाणवतच नाही; मराठी वाक्यात मात्र बाइटांऐवजी अक्षरे मोजली, तर दुवा आपली जागा सोडून आधीच्याच एखाद्या शब्दावर जाऊन बसतो. तेव्हा ती प्रत काढून टाकून हिशेब दुरुस्त केला जातो आणि घरच्या डेटाबेसमधून तोच मजकूर पुन्हा रांगेत लावला जातो.