चौसष्ट बाइटांचा सातबारा

प्रोसेसरला मेमरीतला एक बाइट हवा असला, तरी तो एकटा बाइट आणत नाही. किराणावाला पुडा फोडून एक बिस्कीट देत नाही, तसंच हे. इंटेल, एएमडीच्या आजच्या प्रोसेसरांत हा पुडा ६४ बाइटांचा, अॅपलच्या एम१मध्ये १२८चा. आणलेला पुडा प्रोसेसर आपल्याजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत, म्हणजे कॅशमध्ये ठेवतो; म्हणून याला म्हणायचं कॅश लाइन. तिची लांबी चिपमध्येच ठरलेली असते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती एवढंच, की ती किती धरून चालायचं.

आता समजा, दोघा भावांची शेतं एकाच सातबाऱ्यावर आहेत. बांध वेगळा, पीक वेगळं, भांडणही नाही (समजा म्हटलंय मी!). तरी थोरल्यानं आपल्या हिश्शावर बोजा चढवला की धाकट्याच्या कपाटातला उतारा शिळा. त्याची तलाठ्याकडे खेप ठरलेली. कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, दोन कोअर (एकाच प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग, प्रत्येकाची आपली कॅश) आपापला काउंटर, म्हणजे मोजणीचा आकडा, वाढवत असतात. ते काउंटर एकाच लाइनवर शेजारी पडले, तर एकानं लिहिलं की दुसऱ्याची प्रत बाद. उत्तर बरोबर येतं, फक्त उशिरा येतं. हे फॉल्स शेअरिंग. कोड कितीही वाचा, चूक दिसणार नाही, कारण तर्कात चूक नसतेच. म्हणून लिनक्स असे काउंटर मधे जागा सोडून वेगळ्या लाइनींवर बसवतं.

मग सरसकट १२८ धरून मोकळं का होऊ नये? तर सोडलेली जागाही मेमरी खाते. एआरएम६४ या जातीच्या (फोनमध्ये असतात तशा) प्रोसेसरांवरच्या लिनक्समध्ये कर्नलनं ८ बाइट मागितले तरी १२८चा तुकडा मिळायचा, कारण डीएमए करणाऱ्या, म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता थेट मेमरीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या उपकरणांसाठी मोठ्यात मोठी लाइन गृहीत धरलेली. ही सक्ती २०२३च्या ६.५ आवृत्तीत सैल झाली.

पण माझा आवडता किस्सा २०१६चा आहे. सॅमसंगच्या एक्सिनॉस ८८९० या फोनच्या चिपमध्ये मोठ्या कोअरची लाइन १२८ची, लहान कोअरची ६४ची. मोनो हा सी-शार्पसारख्या भाषांतले प्रोग्रॅम चालवणारा रनटाइम. प्रोग्रॅम चालू असतानाच तो नवं मशीन कोड तयार करतो, आणि मग कॅशमधला जुना कोड लाइन-लाइन करून पुसून घेतो. लाइनीची लांबी तो सुरुवातीला एकदाच विचारून लक्षात ठेवायचा. विचारलं तेव्हा मोठ्या कोअरवर होता, उत्तर १२८. मग कर्नलनं त्याला लहान कोअरवर हलवलं, तिथं हा १२८च्या ढांगा टाकत पुसत सुटला. एकाआड एक लाइन तशीच राहिली! प्रोग्रॅम कधीतरी, कुठंतरी कोसळायचे. सुगावा लागला तो पत्त्यांवरून: कोसळण्याची जागा दर वेळी १२८ बाइटांच्या दुसऱ्या अर्ध्यातच. मोनोनं आतापर्यंत दिसलेली सर्वांत लहान लांबी धरायला सुरुवात केली. पुढे लिनक्सनंही बंदोबस्त केला. अशा मिश्र चिपवर प्रोग्रॅमनं लांबी विचारली की कर्नल मधेच अडवतो आणि सगळ्या कोअरना चालेल असा आकडा स्वतः सांगतो.