दिवाळीतली कात्री

नमस्कार श्रोतेहो. अटलांटाजवळ आम्ही घर घेतलं, तेव्हा दारापुढची अझेलियाची पाच झुडपं घराबरोबरच पदरात पडली. पहिल्या एप्रिलमध्ये ती अशी फुलली, की पान दिसेना. पुढे ऑक्टोबरात दिवाळीची आवराआवर निघाली. झुडपं अस्ताव्यस्त वाढली होती, म्हणून कात्री घेतली आणि पाचही गोल गरगरीत कापून काढली. पणत्या लावल्यावर काय शोभा आली म्हणता! पण पुढच्या एप्रिलमध्ये सगळी गल्ली गुलाबी आणि आमच्याकडे नुसता पाला. आतल्या बाजूला, जिथे कात्री पोचली नव्हती, तिथे चार फुलं.

दोष हाताच्या सवयीचा. आपल्याकडे गुलाबाची छाटणी ऑक्टोबरातच करतात, आणि जास्वंद तर नव्या फुटीवर बाराही महिने फुलते. वसंतातल्या अझेलियाचं तसं नाही. ती उन्हाळ्यातच शेंड्यांवर पुढच्या वर्षीच्या कळ्या धरते आणि खवल्यांत मिटून हिवाळाभर थांबते. शरद ऋतूत शेंडा बोटांनी चाचपून बघा, फुलाची कळी फुगीर लागते. तसल्या शेकडो कळ्या मी कचऱ्याच्या पोत्यात भरल्या होत्या. आता आमच्या घरचा नियम असा: फुलं गळाली की लगेच छाटणी, आणि वटपौर्णिमा झाली की कात्री कपाटात.

लागवडीत लोक खोल खड्डा खणतात, तिथे फसतात. हिची मुळं केसासारखी बारीक आणि उथळ. इथल्या लाल चिकणमातीत पाणी साचलं की कुजतात. मुळांचा गड्डा जमिनीच्या दोन इंच वर राहील असं लावा. वर पाईनच्या सुयांचं आच्छादन दोन-तीन इंच, पण खोडाला न टेकवता. सकाळचं ऊन, दुपारी सावली, बस्स.

नावाची एक गंमत. ‘अझेलिया’चा मूळ ग्रीक अर्थ कोरडी, आणि हिला तर ओल हवी! वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 साली एकीला ‘इंडिका’ म्हटलं. इथल्या नर्सरीत ‘सदर्न इंडिका’ अशी पाटी दिसली, की आपली माणसं हरखतात. पण तिचं माहेर चीन-जपानकडचं.

पुण्या-नगरकडून ऐकणाऱ्यांनी मात्र ही थेट जमिनीत लावू नये. हिला आम्ल माती लागते, सामू, म्हणजे पीएच, साधारण साडेचार ते सहा. आपली काळी चुनखडीची जमीन आणि बोअरचं जड पाणी यांत तिला लोह घेता येत नाही. पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. इथेसुद्धा घराच्या काँक्रीटला लागून लावलेली झुडपं कधीकधी अशी पिवळी पडतात. हौस असेलच, तर कुंडी, कोकोपीट, पानांचं खत आणि साठवलेलं पावसाचं पाणी. शिवाय कळ्या नीट उमलायला थंडीचे काही आठवडे लागतात, तेव्हा पहिल्याच वर्षी बहराची वाट बघत बसू नका.

आणि हो, लहानपणी आपण एक्झोऱ्याचं फूल तोडून मध चोखायचो ना? ते इथे मुलांना शिकवू नका. अझेलियाची पानं, फुलं, मध, सगळंच विषारी. फुलं देवाला वाहा खुशाल, पण नैवेद्याच्या ताटाभोवती सजवू नका. कुत्र्यालाही लांब ठेवा. हरणांना कोण सांगणार? ती आमच्या कळ्या रात्रीतून खुडून जातात आणि सकाळी पुन्हा कुंपणाशी हजर.