साथीला रिचर्ड राइट

नमस्कार श्रोतेहो.

काळ्या पार्श्वभूमीवर एक काचेचा त्रिकोण, एका बाजूने आत शिरणारा पांढरा किरण आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडणारे रंग. हे चित्र तुम्ही पाहिलेलं असणार. राजारामपुरीत संध्याकाळी चक्कर मारली तरी ते एखाद्या पोराच्या टी-शर्टवर दिसतं. पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या अल्बमचं ते मुखपृष्ठ. अल्बम आला मार्च १९७३ मध्ये, आणि तेव्हापासून १९८८ पर्यंत अमेरिकेच्या बिलबोर्ड या खपाच्या यादीत तो एकूण ७४१ आठवडे होता. त्या टी-शर्टवाल्या पोराला थांबवून बँडमधली नावं विचारा. रॉजर वॉटर्स सांगेल, डेव्हिड गिलमोर सांगेल, जाणता असेल तर बँडचा सुरुवातीचा गायक सिड बॅरेटही सांगेल. कीबोर्डवाल्या रिचर्ड राइटचं नाव मात्र शेवटी येईल, किंवा येणारच नाही. या अल्बममधल्या सगळ्यात हळव्या दोन चाली त्याच्या आहेत, आणि आज मला त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

कोल्हापुरात हे बोलायला मला विशेष आनंद होतो. साथ कशाला म्हणतात हे या गावाला समजावून सांगावं लागत नाही. शाहू महाराजांच्या पदरी अल्लादिया खाँसाहेब होते, देवल क्लबात पिढ्यान् पिढ्या बैठका झाल्या आणि पेटीचे मोठे कलावंत गोविंदराव टेंबे इथल्याच मातीतले. १९११ च्या 'मानापमान' नाटकाचं संगीत गोविंदरावांचं, पण भास्करबुवा बखल्यांच्या गाण्यामागे वाजलेली त्यांची पेटीही जाणकारांनी तितक्याच प्रेमाने लक्षात ठेवली. चांगला पेटीवाला गायकाच्या एक निमिष मागे असतो. गायक श्वास घ्यायला थांबला की तो सूर धरून ठेवतो, आणि गायक परत आला की हलकेच बाजूला होतो. त्याने हात उचलला तरच सभागृहाला कळतं की इतका वेळ काय चालू होतं. याच पेटीवर आकाशवाणीने १९४० साली बंदी घातली आणि ती उठू लागायला १९७१ साल उजाडलं. साथीच्या वाद्याची उपेक्षा कशी होते हे आपल्याला घरचंच ठाऊक आहे. राइटला ऐकायचं तर साथ ऐकणारे कान हवेत, आणि ते आपल्याकडे आहेत.

राइटचा जन्म २८ जुलै १९४३ चा. लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये तो वास्तुरचना शिकायला गेला आणि तिथेच त्याला वॉटर्स आणि ड्रमवाला निक मेसन भेटले. वास्तुरचनेत त्याचं मन लागलं नाही. त्याचा कान जाझकडे होता, त्यातही ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसकडे. रॉक बँडमधल्या बहुतेक पोरांचा पाया ब्लूजचा असायचा. याचा वेगळा होता, आणि त्यामुळे पुढे काय काय झालं ते सांगतो.

सुरुवातीला त्याच्याकडे फार्फिसा नावाचा हलका ऑर्गन होता आणि त्याला जोडलेलं प्रतिध्वनीचं यंत्र. १२ मे १९६७ ला लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये बँडचा कार्यक्रम झाला. त्या रात्री राइटच्या हाताशी आणखी एक खोकं होतं, त्याच्यावर एक दांडा. दांडा ज्या कोपऱ्याकडे ढकलायचा त्या कोपऱ्यातल्या स्पीकरमधून आवाज येणार, म्हणजे सूर श्रोत्यांभोवती फिरवता येणार. आज थिएटरात आवाज चहूबाजूंनी येतो तेव्हा आपण वर मानही करत नाही. साठीच्या दशकात हे काम एक माणूस हाताने करत होता, आणि तो त्या रात्री बँडमधला कीबोर्डवाला होता.

आता एक सूर जवळून ऐकू या. १९७१ च्या 'मेडल' अल्बममध्ये 'एकोज' नावाची तेवीस मिनिटांहून मोठी रचना आहे. रेकॉर्डची अख्खी दुसरी बाजू तिनेच भरली आहे. ती सुरू होते पियानोच्या वरच्या सप्तकातल्या एका सुराने. एकच पट्टी दाबलेली. पण तो सूर पियानोचा वाटत नाही, पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. राइटने पियानोचा आवाज लेस्ली स्पीकरमधून सोडला होता. लेस्ली म्हणजे एक लाकडी खोकं. आत वरच्या बाजूला मोटारीवर फिरणारा भोंगा आणि खाली मोठ्या स्पीकरच्या तोंडाशी फिरणारं पिंप. भोंगा आपल्याकडे वळत येतो तेव्हा सूर किंचित चढतो, पाठ फिरवतो तेव्हा किंचित उतरतो, आवाजही लहानमोठा होतो. हॅमंड ऑर्गनसाठी लोक हे खोकं सर्रास वापरत. राइटने त्यातून पियानो वाजवला. निक मेसनने लिहून ठेवलंय की पियानो आणि लेस्ली यांचा तो विशिष्ट नाद स्टुडिओत पुन्हा काही केल्या जमेना, म्हणून शेवटी आधीच्या कच्च्या ध्वनिमुद्रणातलाच सूर घेतला. तेवीस मिनिटांच्या रचनेचा जन्म असा एका पट्टीतून झाला. त्यातलं गाणंही गिलमोर आणि राइट या दोघांच्या एकत्र आवाजात आहे. दोन गळे इतके मिसळलेत की कुठला कुणाचा हे पहिल्यांदा ऐकताना सांगता येत नाही.

'डार्क साइड'मधली 'अस अँड देम' ही राइटची चाल. तिचा इतिहास मला फार आवडतो. इटालियन दिग्दर्शक अंतोनिओनी यांच्या 'झाब्रिस्की पॉइंट' या चित्रपटासाठी राइटने ती पियानोवर बांधली होती. दिग्दर्शकाला ती पटली नाही, फार उदास वाटली. चाल पडून राहिली आणि तीन-एक वर्षांनी बँडने ती बाहेर काढली. नाकारलेली चीज जपून ठेवणं हेही संगीतकाराचंच काम.

ही चाल आपल्या सरगमेत सांगतो. पेटीवरची पांढरी दोन हा षड्ज धरा. खाली तो षड्ज जवळजवळ जागचा हलत नाही आणि वरचे सूर सावकाश बदलत राहतात. पहिल्या दोन ठिकाणी सगळं शुद्ध, प्रसन्न. तिसऱ्या ठिकाणी गंधार कोमल होतो आणि त्याच वेळी निषाद शुद्ध राहतो. कोमल गंधार आणि शुद्ध निषाद: पटदीप राग ऐकणाऱ्याला ही जोडी लगेच ओळखू येईल. रॉकच्या मामुली तीन-चार कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळण्यांमध्ये, ती सहसा सापडत नाही. तिथे जी कळ उठते ती गाणाऱ्याच्या गळ्यातून येत नाही, ऑर्गनवरच्या बोटांतून येते. मग चौथ्या ठिकाणी मध्यमाच्या कॉर्डवर येऊन श्वास सुटतो. डिक पॅरीचा सॅक्सोफोन या गाण्यात सगळ्यांच्या लक्षात राहतो, आणि तो आहेच सुंदर. पण तो ज्या जमिनीवर उभा आहे ती राइटची आहे.

त्याच अल्बममधली 'द ग्रेट गिग इन द स्काय' ही त्याची दुसरी चाल, मृत्यूवरची. तिला शब्द नाहीत. जानेवारी १९७३ मध्ये क्लेअर टोरी नावाच्या तरुण गायिकेला एका रविवारी स्टुडिओत बोलावलं, पियानो ऐकवला आणि शब्दांशिवाय गा म्हणून सांगितलं. तिला त्या कामाचे तीस पौंड मिळाले. आज ते गाणं ऐकताना अंगावर काटा येतो तो तिच्या आवाजाने, यात वादच नाही. तिने पुढे दावा लावला आणि २००५ साली तडजोड होऊन तिचं नाव राइटच्या बरोबरीने रचनाकार म्हणून लागलं. ते न्याय्यच झालं. फक्त एकदा तिचा आवाज सोडून नुसता पियानो ऐका. ती वर गेली की तो खाली जागा करून देतो. ती दमून उतरते तेव्हा सूर इतका हलका होतो की तिची कुजबुजही ऐकू यावी. मुळात तो पियानो आधी वाजवून झाला होता. गायिका यायच्या आधीच तिच्यासाठी इतकी मोकळी जागा सोडून ठेवायची, ही साथीची समज मला थक्क करते.

मग हा माणूस मागे का राहिला? एक कारण तो काळच तसा होता. दुसऱ्या बँडांतले कीबोर्डवाले बघा: कीथ एमर्सन ऑर्गनमध्ये सुरे खुपसायचा, रिक वेकमन झगमगत्या झग्यात कीबोर्डच्या भिंतीत उभा राहायचा. दोघेही अफाट तयारीचे, त्यांच्याबद्दल आदरच आहे. राइटची बोटं तशी पळणारी नव्हती, आणि त्याला तशी पळवायचीही नव्हती. त्यात स्वभाव लाजाळू. ज्या बँडमध्ये दोन माणसं मोठ्या आवाजात भांडतात तिथे तिसऱ्या अबोल माणसाचं काम भिंतीला टेकून राहतं.

दुसरं कारण श्रेयाचं. १९७७ च्या 'अ‍ॅनिमल्स' अल्बममधल्या 'शीप'ची सुरुवात म्हणजे राइटचा इलेक्ट्रिक पियानो, जाझच्या अंगाने सैलसर फिरणारा. अख्ख्या अल्बममधला मला सगळ्यात आवडणारा तुकडा. रचनाकार म्हणून नाव एकट्या वॉटर्सचं. माझ्या मते हे चुकलं. आपल्या गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाला स्वतःच्या डोक्याने सुरुवात बांधतो आणि निवेदक फक्त गायकाचं नाव पुकारतो, तेव्हाही मला तितकंच टोचतं.

पुढचं तर आणखी कटू. १९७९ मध्ये 'द वॉल'चं काम चालू असताना राइटचा संसार मोडत होता आणि त्याच्याकडून नवं फारसं काही येत नव्हतं, हे त्यानेही पुढे मान्य केलं. वॉटर्सने त्याला बँडमधून बाहेर जायला लावलं. त्यानंतरच्या १९८०-८१ च्या कार्यक्रमांत तो पगारी वादक म्हणून स्वतःच स्थापन केलेल्या बँडसोबत वाजवत होता. १९८३ च्या 'द फायनल कट'मध्ये तो नाहीच. तो अल्बम ऐका आणि आधीचे ऐका. शब्द आहेत, गिटार आहे, संताप आहे. पण सुरांमधली ती हवा गेलेली आहे. राइट काय करत होता याचा यापेक्षा मोठा पुरावा मला देता येणार नाही.

१९८७ मध्ये तो परतला, आधी पुन्हा पगारावरच. १९९४ च्या 'द डिव्हिजन बेल'मध्ये मात्र त्याच्या चाली आहेत आणि एक गाणं मुख्यतः त्याच्या आवाजात आहे. २ जुलै २००५ ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये राइट, वॉटर्स, गिलमोर आणि मेसन हे चौघे चोवीस वर्षांनी एकत्र उभे राहिले. १५ सप्टेंबर २००८ ला कर्करोगाने राइट गेला, वय पासष्ट. बँड म्हणजे नेमकं कोण या भांडणांच्या गदारोळात रिकचा, म्हणजे राइटचा, प्रचंड वाटा वारंवार विसरला गेला, अशा आशयाचं गिलमोरने त्या वेळी लिहिलं. आणि २०१४ मध्ये गिलमोर-मेसन यांनी १९९३ च्या सुमाराचं राइटचं उरलेलं वादन काढून त्याभोवती 'द एंडलेस रिव्हर' हा अल्बम उभा केला. त्यात एके ठिकाणी रॉयल अल्बर्ट हॉलचा महाकाय पाइप ऑर्गन ऐकू येतो. तो राइटने १९६९ मध्ये वाजवलेला आहे.

ऐकायचं असेल तर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. हेडफोन घ्या, नाहीतर बरे स्पीकर. आधी 'अस अँड देम'. मग 'विश यू वेअर हिअर' या १९७५ च्या अल्बमचा अगदी शेवट, 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'चा नववा भाग. तो एकट्या राइटच्या नावावर आहे. सिड बॅरेटसाठी केलेल्या या रचनेच्या अखेरीला राइट सिन्थेसायझरवर सिडच्याच जुन्या गाण्याची ओळ हलकेच आणतो, आणि इतका वेळ कोमल असलेला गंधार शुद्ध होतो. पाहायचंच असेल तर १९७१ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईच्या प्राचीन रंगमंडलात, प्रेक्षक नसताना चित्रित झालेलं 'एकोज' बघा.

आणि घरात पेटी असेल तर हे करून बघा. 'डार्क साइड'मधल्या 'ब्रीद' या गाण्यातली एक जागा राइटने माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू'वरून उचलली होती, तसं त्यानेच सांगितलंय. पुन्हा पांढरी दोन हा सा. खालचा सा घरातल्या दुसऱ्या कुणालातरी धरायला सांगा. तुम्ही मधला शुद्ध ग, कोमल नी आणि वरचा कोमल ग एकत्र दाबा. हो, दोन्ही गंधार एकाच वेळी. थोडं खुपेल, खुपू द्या. मग वरचा कोमल ग सोडून कोमल रे घ्या, बाकीचे सूर तसेच ठेवा. त्यानंतर सगळं सोडून रे, म, ध हे तीन शुद्ध सूर एकदम वाजवा. भाता सावकाश हलवा, घाई नको. दोन-तीनदा केलंत की बोटांना वाट सापडेल. नमस्कार.