खालून ओरडणारे आपण

एक मूल झाडावर चढतंय. एक पाय बुंध्याच्या बेचक्यात, दुसरा अधांतरी, आणि हात वरच्या फांदीवर. ते फांदी आधी हलकेच दाबून बघतंय, आपलं वजन पेलेल का याचा अंदाज घेतंय. अंगाचा कण न् कण त्या फांदीशी बोलतोय म्हणा ना! नेमकं तेव्हाच खालून आपण ओरडतो, ‘‘अरे, पडशील!’’ मूल दचकून खाली बघतं. हात सैल पडतो.

मीही असाच ओरडत आलो आहे. जीव वरखाली होतो, ते खोटं नसतं. पण नॉर्वेतल्या संशोधक एलेन सँडसेटर यांचं काम वाचल्यापासून मी तोंडाला आवर घालायला शिकतोय. मुलांना ओढ असणाऱ्या धोक्याच्या खेळांचे सहा प्रकार त्यांनी २००७ साली मांडले. उंची, वेग, धारदार हत्यारं, आग-पाण्याची जवळीक, झोंबाझोंबी आणि मोठ्यांच्या नजरेआड भटकणं. यादी ऐकून आपल्याला घाम फुटतो. पण यातल्या प्रत्येकात मूल आपली भीती थोडी थोडी चाखून बघत असतं. कुठे थांबायचं, हे त्याला असंच कळतं.

आता खेळातल्या भांडणांचं बघा. ‘राज्य कोणावर?’ इथपासून सुरुवात. एक म्हणतो आऊट, दुसरा म्हणतो नाही. कोणी रडीचा डाव खेळतं, कोणी ‘मी नाही खेळत’ म्हणून निघतं, मग त्याला परत बोलावतात, कारण भिडू कमी पडतो. लहानग्याला कच्चं लिंबू करून सामावून घेतात. अर्ध्या तासात खेळ दहा मिनिटंच झालेला असतो. आपल्याला वाटतं वेळ वाया गेला. माझ्या मते ती वीस मिनिटंच सगळ्यात मोलाची! आपण मध्ये पडून निवाडा दिला की ती हातची गेली. शिबिरात, क्लासमध्ये शिट्टी मोठ्यांच्या हातात असते, त्यामुळे तिथे हे घडत नाही.

‘आता दिवस पूर्वीसारखे राहिले नाहीत,’ असं पालक म्हणतात. वाहनांच्या बाबतीत ते बरोबरच आहे. इंग्लंडमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्यांशिवाय शाळेत जात. १९९० साली फक्त ९ टक्के. त्याच काळात रस्त्यावर दगावणाऱ्या मुलांची संख्या घटली. हा अभ्यास करणारे मेयर हिलमन यांचं म्हणणं असं की, यावरून रस्ते सुरक्षित झाले असं मानू नका, मुलंच रस्त्यावरून काढून घेतली गेली. म्हणून गाड्यांचा वेग कमी करा, चालायला जागा द्या, ही मागणी आपण मोठ्यांनीच लावून धरायला हवी. रस्ता बिघडवला आपण, आणि घरात कोंडलं मुलांना.

तोवर सुरुवात छोटी असू द्या. रोजच्या वाटेवर मुलाला पुढे चालू द्या, तुम्ही चार पावलं मागे. वळण त्यानं ठरवायचं, रस्ता कधी ओलांडायचा तेही त्यानंच सांगायचं. असं बरेच दिवस जमलं की कोपऱ्यापर्यंत एकटं जाऊ द्या. निघण्यापूर्वी एवढंच विचारा, ‘‘वाट चुकलास तर काय करशील?’’ आणि त्याचं उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा.