छापील शिफारस वावरात उतरवताना

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

शेतीच्या पानावर चांगला लेख आला की आपण कात्रण कापून ठेवतो आणि हंगामाच्या घाईत त्यातला नेमका आकडा तेवढा शोधतो. बहुतेक चुका तिथेच होतात. लेख बरोबर, मेहनतही बरोबर, पण आकडा कशाचा आहे हेच पाहायचं राहून जातं.

समजा, लेखात लिहिलंय, ‘हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद’. हे १०० किलो नत्राचे आहेत, युरियाचे नव्हेत. युरियात नत्र ४६ टक्के असतं, म्हणून १०० किलो नत्रासाठी सुमारे २१७ किलो युरिया लागतो. १०० किलो युरियावरच थांबलात, तर पिकाला निम्म्याहून कमी नत्र मिळालं. आता स्फुरद डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) या खतातून द्यायचं ठरवलं, तर त्यात स्फुरद ४६ टक्के असल्याने ५० किलोसाठी साधारण १०९ किलो डीएपी लागेल. पण डीएपीत १८ टक्के नत्रही असतं. ते जवळपास २० किलो आपोआप पडलं. म्हणजे युरिया २१७ नव्हे, १७५ किलोच्या आसपास पुरे. ही वजाबाकी विसरली की पीक माजतं, लोळतं, कीड वाढते, आणि पैसे जातात ते वेगळेच. एकराचा हिशेब हवा असेल तर हेक्टरच्या आकड्याला अडीचने भागा.

फवारणीत घोळ पाण्याचा होतो. ‘हेक्टरी १ लिटर औषध’ आणि ‘लिटरला २ मिली’ या दोन्ही गोष्टी एकच ठरतात, पण हेक्टरी ५०० लिटर पाणी लागलं तरच. तुमचं पाणी २५० लिटरमध्येच संपत असेल, तर लिटरला २ मिलीने औषध निम्मंच पडलं. आपला पंप किती पाणी टाकतो ते एकदा मोजून घ्या. १० मीटर लांब, १० मीटर रुंद जागा आखा. पंपात मोजून १० लिटर साधं पाणी भरा आणि रोजच्या चालीने, रोजच्या दाबाने तेवढीच जागा फवारा. उरलेलं पाणी मोजा. ५ लिटर संपलं असेल, तर हेक्टरी ५०० लिटर. नोझल झिजलं किंवा फवारणारा माणूस बदलला की हा आकडाही बदलतो. आणि लेखातली मात्रा डब्यावरच्या लेबलाशी जुळत नसेल, तर लेबलच खरं धरा. छपाईत एक दशांशचिन्ह घसरलं तरी मात्रा दहापट होते.

शेतीवर लिहिणाऱ्यांनाही एक विनंती आहे. ‘३० दिवसांनी’ असं लिहिता, तेव्हा पेरणीपासून की उगवणीपासून, तेही लिहा. जमीन हलकी की भारी, कोरडवाहू की बागायती, हे नसेल तर वाचणाऱ्याने करायचं काय?

हिशेब जमला तरी पहिल्याच वर्षी सगळ्या रानावर प्रयोग नको. एकाच वावरात, एकाच वाणाचे, एकाच दिवशी पेरलेले सहा पट्टे घ्या. तीन नव्या पद्धतीचे, तीन नेहमीचे, आलटून पालटून. तिन्ही नवे पट्टे पाटाच्या बाजूला आले, तर वाढलेलं उत्पादन ओलाव्याचं की नव्या पद्धतीचं, ते कळायचं नाही. फरक एकाच गोष्टीत ठेवा. खतही बदललं आणि वाणही बदललं, की हाती काही लागत नाही.

काढणीच्या वेळी बांधालगतच्या ओळी सोडा, त्या नेहमीच जोमदार दिसतात. प्रत्येक पट्ट्याच्या मधोमध ५ मीटर बाय २ मीटर आखून तेवढंच वेगळं कापा, मळा, सगळे नमुने सारखे वाळवा आणि मग तोला. या १० चौरस मीटरमधले दाणे जितके किलो भरतील, तितके टन हेक्टरी उत्पादन. अडीच किलो भरले, तर हेक्टरी अडीच टन, म्हणजे २५ क्विंटल. सहाही वजनं त्याच कात्रणाच्या मागे लिहा, तारखेसकट.